नळाला पाणी येणं, ही एक घटना

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू काय काम करतेस ते सांग, पण आम्हाला कळेल असं सांग." गेली वीसेक वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी नेमकं काय करते हे माझ्या आईलाही गेल्या वर्षापर्यंत सांगता येत नव्हतं. "कॉम्प्युटरवर काहीतरी असतं तिचं," एवढंच ती शेजारीपाजारी सांगायची. गेल्या वर्षी आईबाबांच्या अपार्टमेंटमध्ये पाण्याच्या टाकीवरून वाद झाला आणि माझं काम पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलं. आज तीच गोष्ट सांगते. गोष्ट पाण्याची आहे, त्यामुळे या गावात ती कोणाला कळणार नाही अशी भीती नाही.

पण आधी शाळेत जाऊ या. मधल्या सुट्टीतली आपली पाण्याची टाकी आठवते? चार नळ, त्यातला एक कायम बंद. घंटा झाली की सगळी शाळा एकदम धावायची. पहिली सात-आठ मिनिटं झुंबड, ढकलाढकली, कोणाची तरी वॉटरबॅग फुटलेली. आणि सुट्टी संपायच्या आधीची पाच मिनिटं? तिन्ही नळ मोकळे. मग पी.टी.च्या सरांनी पाचवी ते सातवीची सुट्टी दहा मिनिटं आधी सोडायला सुरुवात केली. नळ तेवढेच, मुलं तेवढीच, पाणीही तेवढंच. पण झुंबड गेली. सर आज समोर बसले आहेत. सर, तुम्ही तेव्हा जे केलंत ते मी इंजिनिअरिंगला गेल्यावर सबंध एक सेमिस्टर शिकले. तुम्ही ते शिट्टीवर केलं होतं.

माझा विषय असा आहे. जिथे जिथे काहीतरी येतं, थांबतं, त्याचं काम होतं आणि ते निघून जातं, तिथे काय होईल हे प्रत्यक्षात करून बघण्याआधी कॉम्प्युटरमध्ये करून बघायचं. दवाखान्यातले पेशंट, टोलनाक्यावरच्या गाड्या, वाळूजच्या कारखान्यात एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जाणारे सुटे भाग, सगळ्यांची जात एकच. याला डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशन म्हणतात. पुस्तकी मराठीत 'प्रतिरूपण' असा शब्द आहे, पण तो मी कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही, म्हणून मी सिम्युलेशनच म्हणते.

'डिस्क्रीट इव्हेंट' म्हणजे सुट्या सुट्या घटना. पाणचक्की आपण सगळ्यांनी सहलीत पाहिली आहे. जमिनीखालच्या नळांतून पाणी यायचं, चक्की फिरत राहायची. त्याच्याही आधी, सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, मलिक अंबरनं या शहरासाठी नहर बांधली. उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी नुसत्या उतारानं गावात आणलं, ना पंप ना वीज. असं सलग वाहणारं पाणी समजून घ्यायला समीकरणं लागतात: किती उतार, किती रुंद नळ, किती वेग. आज आपलं पाणी जायकवाडीहून उपसलं जातं, फारोळ्याला शुद्ध होतं, नक्षत्रवाडीच्या टेकडीवर चढतं आणि तिथून शहरात उतरतं. धरणापेक्षा शहर शंभराहून अधिक मीटर उंचावर आहे, तेव्हा हा सगळा कारभार पंपावर. आणि घरापर्यंत पोहोचता पोहोचता ते वाहतं पाणी राहत नाही, त्याची तारीख होते. "आलं का?" "आलं." "कधी गेलं?" नळाला पाणी येणं ही आपल्याकडे एक घटना आहे. म्हणून म्हणते, हा विषय शिकायला या शहरासारखं शहर नाही.

आता वादाकडे येते. आईबाबांच्या अपार्टमेंटमध्ये आठ बिऱ्हाडं. दिवसाला साधारण तीन हजार लिटर पाणी लागतं. टाकी अठरा हजारांची. पाणी सरासरी सहा दिवसांनी येतं. सहा त्रिक अठरा. हिशेब इतका चोख की ज्यांनी टाकी बांधली त्यांनी तो भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नव्हती. तरी दर महिन्या-दीड महिन्यात टाकी कोरडी पडायची, टँकर मागवावा लागायचा, आणि टँकर येईपर्यंत माझे पंचाहत्तर वर्षांचे बाबा दुसऱ्या मजल्यावर बादल्या चढवायचे. रविवारच्या मीटिंगमध्ये दोन तट पडले. एक म्हणे टाकी चोवीस हजारांची करा. दुसरा म्हणे पाणी वाया घालवणारे कोण ते आधी शोधा. दुसऱ्या तटात माझी आई होती, आणि तिचा संशय कोणावर होता ते मी इथे सांगणार नाही, कारण त्यांचा मुलगा आपल्याच बॅचला आहे.

बाबांची एक वही आहे. निवृत्त झाल्यापासून ते पाणी आल्याची तारीख, वेळ आणि किती वेळ चाललं ते लिहितात. दुधाच्या हिशेबाच्या मागच्या पानांवर. चौदा महिन्यांच्या सत्तरएक नोंदी मला त्यात मिळाल्या. दोन पाण्यांमधलं अंतर कधी चार दिवस, कधी पाच, कधी सात, कधी आठ. सरासरी सहाच.

इथे थोडं थांबा. समजा एकदा पाणी चार दिवसांनी आलं आणि पुढच्या वेळी आठ दिवसांनी. सरासरी सहाच झाली. पण चार दिवसांनी आलं तेव्हा टाकीत सहा हजार लिटर शिल्लकच होतं, त्यामुळे नव्यातलं तेवढं पाणी आपण घेऊच शकलो नाही. आठ दिवसांनी आलं तेव्हा सहा हजार कमी पडलं. चांगल्या आठवड्याची शिल्लक वाईट आठवड्याला देता येत नाही, कारण टाकी तेवढीच आहे. पाणी कोणी चोरत नव्हतं, वाया घालवत नव्हतं. सरासरी बरोबर होती आणि टाकी कोरडी होती, दोन्ही एकाच वेळी खरं होतं. आईला हे पटायला दोन दिवस लागले. पटलं तरी संशय गेला असं नाही.

खरं सांगायचं तर इथपर्यंत कॉम्प्युटरची गरजच नव्हती. वही पुरेशी होती. मोठ्यात मोठा खंड किती दिवसांचा, तेवढी टाकी बांधा, संपलं. अडचण पुढे आहे. पाणी आलं तरी प्रत्येक वेळी टाकी भरेपर्यंत चालत नाही. कधी अर्ध्यातच जातं, मग मागची तूट पुढच्या खेपेत येते. आणि टाकी कोरडी पडली की टँकर सांगावा लागतो, तो कधी येईल ते त्याच्या रांगेवर. एकावर एक अशा तीन-चार बेभरवशाच्या गोष्टी आल्या की बोटांवरचा हिशेब संपतो.

मग मी आईला कॉम्प्युटर काय करतो ते दाखवलं. वहीतली सत्तर अंतरं सत्तर चिठ्ठ्यांवर लिहिली आणि तिच्या लाडवांच्या डब्यात टाकली. एक चिठ्ठी काढायची. सात निघालं? मग टाकीतून सात वेळा तीन हजार वजा करा, कमी पडलं तर तशी खूण करा, टाकी भरा, चिठ्ठी परत डब्यात टाका, हलवा, दुसरी काढा. आईनं वीसेक चिठ्ठ्या काढल्या आणि कंटाळली. कॉम्प्युटर कंटाळत नाही. तो अशा लाखभर चिठ्ठ्या काढतो आणि सांगतो, शंभरातल्या किती वेळा टाकी कोरडी पडली. बाबा बाजूला बसून बघत होते. ते म्हणाले, "मे महिन्याच्या चिठ्ठ्या दिवाळीच्या चिठ्ठ्यांत मिसळू नकोस. उन्हाळ्यात एक उशीर झाला की पुढचाही होतो." बरोबर होतं. डबे दोन केले. पंचवीस हजारांचा सल्ला देणारा सल्लागारसुद्धा हे विसरतो, आणि विसरलेला मी पाहिला आहे.

आता टँकर. टँकर भरण्याची जागा म्हणजे एक नळ आणि समोर रांग. कॉम्प्युटर ही रांग कशी चालवतो ते बघा. सात वाजता पहिला टँकर येतो, लगेच भरायला लागतो. दुसरा ७.०४ ला, तिसरा ७.०६ ला, चौथा ७.३० ला, पाचवा ७.३३ ला. प्रत्येकाला भरायला दहा मिनिटं. दुसरा सहा मिनिटं थांबेल, तिसरा चौदा, चौथा आल्या आल्या नळाला लागेल, पाचवा सात मिनिटं थांबेल. हे करताना कॉम्प्युटर प्रत्येक मिनिट मोजत बसत नाही. ७.०६ नंतर ७.१० पर्यंत काहीच घडत नाही, म्हणून त्याचं घड्याळ सरळ ७.१० वर उडी मारतं. त्याच्याकडे पुढच्या घटनांची एक यादी असते: कोण कधी येणार, कोणाचं कधी संपणार. यादीतली सगळ्यात जवळची घटना घ्यायची, घड्याळ तिथे न्यायचं, जे बदललं ते लिहायचं, त्यातून नवी घटना निघाली तर यादीत टाकायची. एवढंच. या एका यादीवर विमानतळाचा आराखडा तपासता येतो.

आणि याच रांगेत ती गोष्ट आहे जी मला आजही चमत्कारासारखी वाटते. टँकर भरायला सरासरी १० मिनिटं लागतात असं धरा. टँकर सरासरी १५ मिनिटांनी येत असतील, आणि येण्याच्या-भरण्याच्या वेळा अगदी बेभरवशाच्या असतील, तर रांगेत सरासरी २० मिनिटं थांबावं लागतं. ठीक आहे. आता टँकर १२ मिनिटांनी यायला लागले. अजूनही नळाला प्रत्येकामागे दोन मिनिटं उसंत आहे. थांबणं किती? ५० मिनिटं. आणि ११ मिनिटांनी यायला लागले तर? १०० मिनिटं. एका मिनिटाच्या फरकानं थांबणं दुप्पट. नळ आहे तोच, त्याच्यावर काम करणारा माणूस तोच, कोणी आळशी झालेलं नाही. म्हणून मार्चमध्ये दीड तासात येणारा टँकर एप्रिलमध्ये पाच तासांनी येतो तेव्हा आपण ड्रायव्हरवर ओरडतो, त्याआधी हे आठवावं. कामाची जागा जवळजवळ पूर्ण भरली की तिथे थोडीशी भरसुद्धा रांगेला फुगवते. डेन्मार्कमध्ये एर्लांग नावाच्या माणसानं टेलिफोन एक्स्चेंजसाठी हे गणित १९०९ मध्येच मांडायला सुरुवात केली होती. आपल्याकडे ट्रंक कॉल लावून बसलेल्या माणसांना ते गणित न शिकताच येत होतं.

आणखी एक. असेच दोन नळ असतील आणि प्रत्येकासमोर वेगळी रांग असेल, तर १२ मिनिटांच्या हिशेबात दोन्हीकडे पन्नास-पन्नास मिनिटं. पण दोन नळांना मिळून एकच रांग लावली आणि जो नळ मोकळा होईल तिकडे पुढचा गेला, तर थांबणं तेवीस मिनिटांच्या आत येतं. संयोजकांना विनंती, आज जेवणाच्या दोन टेबलांना एकच रांग ठेवा.

हे तंत्र आलं कुठून, तेही थोडक्यात सांगते, कारण त्यात आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घराचा हप्ता दडलेला आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या एका पोलाद कंपनीत टोकर नावाच्या गणितज्ञानं कारखान्याचं सिम्युलेशन करणारा पहिला सर्वसाधारण प्रोग्राम लिहिला. १९६१ मध्ये आयबीएममधल्या जेफ्री गॉर्डननं जीपीएसएस आणलं. आणि नॉर्वेत क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल या दोघांनी सिम्युलेशनसाठीच सिम्युला नावाची भाषा केली. टँकर म्हणजे एक वस्तू, तिची स्वतःची माहिती, तिचं स्वतःचं वागणं. आणि 'टँकर' हा सगळ्या टँकरांचा एक साचा. हा विचार त्यांनी प्रोग्रामिंगमध्ये आणला. पुढे सी प्लस प्लस आणि जावा याच वाटेनं गेल्या. म्हणजे ज्या जावावर आपल्या वर्गातल्या निदान सहा जणांनी पुण्यात फ्लॅट घेतले, तिचं मूळ रांगा मोजण्यात आहे. मी स्वतः हा विषय नरसिंग देव यांच्या १९७९ च्या पुस्तकातून शिकले. ग्रंथालयात एकच प्रत होती आणि तिलाही रांग होती.

मराठवाड्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. एप्रिल २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. टीव्हीवर आपण धावणारी गाडी बघत होतो. मी मात्र न दिसणाऱ्या गोष्टी मोजत होते, ही आमची खोड. पन्नास वाघिणी भरायला किती वेळ, रिकाम्या करायला किती वेळ, रिकामी गाडी परत पोहोचेपर्यंत दुसरी भरलेली असेल का, स्टेशनवर उतरवलेलं पाणी पुढे तितक्याच वेगानं हलतंय का. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासच्या त्या प्रवासात गाडीचा वेग ताशी दहा किलोमीटरनं वाढवला, पण भरण्याचा नळ तेवढाच ठेवला, तर गाडी लवकर पोहोचून नुसती उभी राहील. कोणत्या ठिकाणी पैसा घातला तर पाणी वाढेल आणि कोणत्या ठिकाणी घातला तर फक्त बातमी वाढेल, हे आधी कळण्यासाठीच हे तंत्र आहे.

तर मी आमच्या अपार्टमेंटचं मॉडेल केलं. शनिवार-रविवार दोन दिवसांत. रंगीत आलेख काढले आणि पुढच्या मीटिंगमध्ये मोठ्या ऐटीत मांडले. निष्कर्ष असा की टाकी वाढवायची गरज नाही. टाकीत सहा हजार लिटर उरले की टँकर सांगा, कोरडी पडायची वाट बघू नका. तळमजल्यावरचे एक काका शांतपणे ऐकत होते. त्यांनी विचारलं, "बेटा, तुझ्या कॉम्प्युटरमध्ये टँकर किती वेळात येतो?" मी म्हणाले, "सरासरी दोन तास, कधी चार." सगळे हसले. काका म्हणाले, "आपलं पाणी लांबतं तेव्हा एकट्या आपलं लांबत नाही. सगळ्या भागाचं लांबतं. सगळे एकाच सकाळी फोन करतात. ज्या दिवशी तुला टँकर हवा असतो नेमका त्याच दिवशी तो नसतो."

वीस वर्षांचा अनुभव असलेली मी, आणि एवढी साधी गोष्ट सुटली होती. मी पाण्याच्या चिठ्ठ्यांचा डबा आणि टँकरच्या चिठ्ठ्यांचा डबा वेगळे ठेवले होते. ते एकाच दोरीनं बांधलेले होते. हे ऑफिसात बसून कळलं नसतं. दुसऱ्या आठवड्यात रजा टाकून मी वही-पेन घेऊन टँकर भरतात तिथे दोन दिवस पहाटे सहापासून उभी राहिले. किती वाजता आला, किती वाजता नळाला लागला, किती वाजता निघाला. पहिल्या तासाला कोणी बोललं नाही, मी कुठली तरी तपासणीवाली आहे असं त्यांना वाटलं. मग एका ड्रायव्हरनं चहा दिला आणि म्हणाला, "म्याडम, भरायला लागतात ते लिहिताय, पण वीज गेली की आम्ही मोजायचं सोडतो. तासभर गेली की पाण्याला पुन्हा जोर यायला दुपार होते." तेही मॉडेलमध्ये गेलं.

नव्या मॉडेलमध्ये आधी टँकर सांगण्याचा फायदा होताच, पण पहिल्याइतका नाही. आणि मी सगळ्याच सोसायट्यांना आधी फोन करायला लावलं तेव्हा तो फायदा जवळपास नाहीसा झाला. रांग फक्त दोन दिवस अलीकडे सरकली. हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. एक वहिनी म्हणाल्या, "मग हे बाहेर कोणाला सांगू नका." त्या गमतीत म्हणाल्या, पण सगळ्यांनी ते ऐकलं आणि बाहेर कोणी सांगितलं नाही. आज मी सांगितलं.

आईकडे कामाला येणाऱ्या मावशी अपार्टमेंटच्या मागच्या गल्लीत राहतात. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे सगळं करत होते तेव्हा त्या भांडी घासता घासता ऐकत असायच्या. एक दिवस म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या कॉम्प्युटरात माझे ड्रम टाकले का?"

नव्हते टाकले. त्यांच्याकडे दोन ड्रम आणि हंडे-कळशा मिळून पाचशे लिटर. घरात पाच माणसं. सहा दिवसांचं अंतर धरलं तर माणशी दिवसाला सतरा लिटरसुद्धा होत नाही. आठ दिवस झाले तर साडेबारा. आमच्या अपार्टमेंटमध्ये तोच आकडा शंभराच्या आसपास आहे. आणि दोन्ही घरांना पाणी त्याच लाइनवरून, त्याच दिवशी, तेवढाच वेळ येतं. कागदावर पुरवठा सारखा आहे. पाणी रोज आलं असतं तर दोन ड्रमांनी काही बिघडलं नसतं. ते सहा-आठ दिवसांनी येतं, म्हणून कोणाला किती मिळणार हे साठवायची जागा ठरवते. बेभरवसा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो, पण ज्याच्याकडे टाकी आहे तो तो टाकीत मुरवतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्या घरातली एक बाई त्या दिवशी कामावर खाडा करते.

मावशींचे ड्रम टाकल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पाणी आलं की आमच्या टाकीची तोटी उघडीच असते. मिनिटाला दीडशे लिटर आमच्याकडे येतं आणि मागच्या गल्लीत धार बारीक होते. मावशींचा एक ड्रम भरायला वेळ लागतो, दुसरा अर्धा राहतो आणि पाणी जातं. मी मॉडेलमध्ये आमचा व्हॉल्व्ह पहिली पंधरा मिनिटं बंद ठेवला. आमचं नुकसान सव्वादोन हजार लिटर, म्हणजे पाऊण दिवसाचं पाणी, तेही पाणी लवकर गेलं तरच. मागच्या गल्लीत मात्र पहिली पंधरा मिनिटं धार पूर्ण. सर, तुमचीच दहा मिनिटं आधीची सुट्टी.

मी हे मीटिंगमध्ये मांडलं. आठपैकी पाच बिऱ्हाडं तयार झाली, तिघं नाही. एकांनी स्पष्ट विचारलं, "तुझं पुण्यात रोज पाणी येतं ना?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बरीच वादावादी झाली आणि शेवटी ठरलं की व्हॉल्व्ह पंधरा मिनिटं बंद ठेवायचा, पण एप्रिल आणि मे सोडून. म्हणजे ज्या दोन महिन्यांत मागच्या गल्लीला त्याची सगळ्यात जास्त गरज, नेमके तेच सोडून. मी ठरावाच्या वहीत ते स्वतःच्या हातानं लिहिलं. टाकी वाढवायचं पुढच्या वर्षावर गेलं आहे.

इंजिनिअर मंडळी मला नंतर कोपऱ्यात गाठतील म्हणून आत्ताच सांगते: हे सगळं पायथॉनमध्ये आहे, सिम्पाय नावाची फुकट मिळणारी लायब्ररी आहे, माझा प्रोग्राम तीनशे ओळींचाही नाही. तो मी आपल्या ग्रुपवर टाकते. पण तुमच्याकडे वही नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. ज्यांच्या घरी बाबांसारखं कोणी आहे त्यांनी आजपासून नोंदी करायला सांगा: तारीख, किती वाजता आलं, किती वाजता गेलं, टाकी कुठपर्यंत भरली. सिडकोतल्या, गारखेड्यातल्या, शहागंजातल्या दहा-बारा घरांच्या वर्षभराच्या नोंदी मिळाल्या तर पुढच्या भेटीत मी याहून बरं काही सांगू शकेन. आणि टाकी नसलेल्या घरांच्या नोंदी आधी हव्यात. त्या कोणाकडेच नसतात.

मावशींना मी परवा विचारलं, काही फरक पडतो का. म्हणाल्या, "दुसरा ड्रम भरतो. कधी कधी नाही भरत." एवढं त्या म्हणाल्या आणि पुढच्या कामाला लागल्या.

काल रात्री मी घरीच होते. पावणेदोनला बाबांनी दिवा लावला, स्वेटर चढवला आणि खाली गेले. मी गॅलरीतून बघत होते. मागच्या गल्लीतले दिवे लागले, हंड्यांचा आवाज आला. बाबा व्हॉल्व्हपाशी खुर्ची टाकून बसले होते. दोनला उघडला, वर आले, वहीत लिहिलं आणि झोपले.